शूमानचा पियानो: प्रेमकथा आणि वेड बाजूला ठेवून ऐकायचा, तर सुरुवात कुठून?

सप्तपर्ण
मंडळी, पाश्चात्त्य अभिजात संगीतावरचे धागे इथे अधूनमधून निघतात, पण गाडी मोझार्ट, बीथोव्हेन आणि फार तर शोपँपर्यंत जाऊन थांबते. रॉबर्ट शूमानचं (१८१०-१८५६) नाव निघालंच, तर दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, गुरूच्या मुलीशी, क्लाराशी, लग्न करण्यासाठी तो कोर्टात गेला. दोन, अखेरीस मन बिघडून त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. दोन्ही खरंच घडलं. पण या दोन घटनांच्या मधल्या काळात जो माणूस रोज बसून पियानोसाठी लिहीत होता, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं मत असं, की शूमान आधी वाचक होता आणि मग संगीतकार. वडील ऑगस्ट शूमान सॅक्सनीतल्या झ्विकाऊ गावात पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक. मुलगा पुस्तकांतच वाढला. जाँ पाउल आणि होफमान हे त्याचे लाडके लेखक. पुढे १८३४ साली त्याने लाइपझिगमध्ये संगीताचं नियतकालिक काढलं आणि जवळपास दहा वर्षं चालवलं. त्यात तो फ्लोरेस्टान आणि ऑयसेबियस अशी दोन पात्रं उभी करून लिहायचा. एक उसळणारा, दुसरा स्वतःत रमलेला. हीच दोन पात्रं त्याच्या पियानोतही येतात. 'पापियाँ' (ओपस २, म्हणजे क्रमांक दोनची छापील कृती) तर जाँ पाउलच्या कादंबरीतल्या मुखवट्यांच्या नाचावरून सुचलेलं. शेवटी नाच संपतो, घड्याळाचे सहा ठोके पडतात आणि अखेरच्या कॉर्डमधला एकेक स्वर सुटत जातो.

ओपस १ ते ओपस २३, सगळंच्या सगळं फक्त पियानोसाठी. म्हणजे तिशीच्या आत या माणसाने दुसऱ्या कुठल्या वाद्यासाठी काही छापलंच नाही. इतकी एकनिष्ठा मला दुसऱ्या कुणात दिसत नाही.

तर प्रश्न दोन. ज्याने शूमान अजिबात ऐकलेला नाही, त्याला तुम्ही पहिल्यांदा काय ऐकवाल? आणि त्याचं आयुष्य माहीत असलं, तर ऐकायला मदत होते की ते आड येतं? माझं उत्तर: 'कार्नावाल' (ओपस ९), आणि आयुष्य नंतर.

चहाबाज
पहिला! सविस्तर वाचून येतो, कप भरून.

रानपाखरू
धागा आवडला, पण एका शब्दाला हरकत. 'गुरूची मुलगी' एवढीच क्लाराची ओळख? १८३८ मध्ये व्हिएन्नात ती वाजवत होती तेव्हा दरबाराने तिला मानाचा किताब दिला, आणि तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिची स्वतःची पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) १८३५ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात संगीतकार मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली वाजली. त्या वेळी शूमानला पियानोवादक म्हणून कुणी ओळखत नव्हतं. लग्न झालं तेव्हा नाव तिचं मोठं होतं.

आणि तुम्ही म्हणता तो पियानो तिच्याशिवाय पुरा होत नाही. ओपस ५ तिच्या सुरावटीवर. डेव्हिडच्या मित्रमंडळाचे, म्हणजे शूमानच्या कल्पनेतल्या कलावंतांच्या टोळीचे, नाच (ओपस ६) सुरू होतात तेच तिच्या एका माझुर्कातल्या तुकड्याने. ओपस १४ च्या सोनाटामधली व्हेरिएशन्स (एकाच सुरावटीची बदलती रूपं) तिच्याच स्वरांवर. ही प्रेमकथा बाजूला ठेवून ऐकायची कशी? ती रचनेतच लिहिलेली आहे.

सप्तपर्ण
@रानपाखरू, माझा आक्षेप क्लाराला नाही, 'प्रेमकथा' या पाकिटाला आहे. तिची सुरावट ओपस ५ मध्ये आली ती एका संगीतकाराने दुसऱ्या संगीतकाराची घेतली म्हणून. त्या पाकिटात घातलं की क्लाराची संगीतकार ही ओळखही पुसली जाते. आपण दोघी एकच बोलतोय असं मला वाटतं.

शंकासूर
मी असहमत. आयुष्य बाजूला ठेवता येत नाही. सरळ हिशेब बघा. १८३० मध्ये फ्रँकफर्टला पागानिनीचं व्हायोलिन ऐकून पोरगं कायद्याचं शिक्षण सोडतं आणि मोठा पियानोवादक व्हायचं ठरवून क्लाराच्या वडिलांकडे, फ्रीडरिश वीककडे, राहायला येतं. एक-दोन वर्षांत उजव्या हाताचं मधलं बोट निकामी होतं. वाजवण्याचं स्वप्न संपतं, म्हणून लिहिणं सुरू होतं. बोट धड राहिलं असतं तर आज आपण या धाग्यावर नसतो.

मोरपंखी
शंकासूर, लिहिणं बोटाच्या आधीच सुरू झालं होतं. ओपस १, म्हणजे 'आबेग' व्हेरिएशन्स, १८३० चं. ए-बी-ई-जी-जी हे आडनावच त्याने स्वरांत बसवलं. (जर्मन पद्धतीत बी म्हणजे आपला बी फ्लॅट.) तेव्हा बोट ठणठणीत होतं.

मी मुंबईत पियानो शिकवते, म्हणून थोडं वाजवणाऱ्यांच्या बाजूने सांगते. शूमानचा पियानो हाताला सोपा नाही, आणि अवघड असला तरी तो लिस्टसारखा झगमगत नाही. अवघडपण आतल्या आवाजांत असतं. 'किंडरत्सेनेन'मधलं 'ट्रॉयमेराय' घ्या. चोवीस बार (आवर्तनं), एफ मेजर, दिसायला सोपं. पण त्यात चार आवाज आहेत आणि चौघेही गातात. सुरावट एफपर्यंत चढते, उतरते. मग तोच जिना पुन्हा, पण आता ए पर्यंत. शेवटाकडे पुन्हा तोच ए येतो आणि त्याच्याखालची कॉर्ड अशी बदललेली असते की हात आपोआप थांबतो. शूमानने तिथे थांबण्याची खूणही केली आहे. त्या एका कॉर्डमध्ये चारही आवाजांचं वजन बरोबर वाटून द्यायला विद्यार्थ्याला महिनोन्महिने लागतात. माझ्याकडे मोठ्या ग्रेडचे विद्यार्थी येतात, भराभर वाजवतात, आणि या कॉर्डपाशी अडतात.

तेव्हा माझं उत्तर 'कार्नावाल' नाही. 'किंडरत्सेनेन' (ओपस १५), म्हणजे बालपणाची तेरा चित्रं. ऐकायला वीस मिनिटंही लागत नाहीत. आणि हे मुलांनी वाजवायचे तुकडे नव्हेत, मोठ्या माणसाने बालपणाकडे बघून लिहिलेले आहेत.

आंबोळी
ट्रॉयमेराय म्हटल्यावर पियानोवादक होरोविट्झ आठवणारच. १९८६ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोला. साठ वर्षांनी मायदेशी परतलेला माणूस, वय ऐंशीच्या पुढे, आणि जादा तुकडा म्हणून हे वाजवतो. प्रेक्षकांत एका माणसाच्या गालावरून पाणी वाहतंय, तो पुसतही नाही. शूमानबद्दल काहीही माहीत नसलेल्याला मी एवढंच दाखवेन.

चहाबाज
+१ आंबोळी. चहा थंड झाला.

तबलजी_नाशिककर
मी तबल्यातला माणूस, पियानोबद्दल बोलायचा अधिकार नाही, तरी विचारतो. मुलीच्या क्लासमुळे घरी हे संगीत वाजत असतं. शूमान लागला की माझी गडबड होते. सम कुठे आहे तेच कळत नाही! मोझार्टमध्ये पाय बरोबर पडतो. इथे मी समेवर टाळी देतो आणि दोन मात्रांनी कळतं की सम केव्हाच होऊन गेली. हे माझ्या कानाचं आहे, की तो मुद्दाम करतो?

मोरपंखी
@तबलजी_नाशिककर, काका, तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. तो मुद्दामच करतो, आणि हा त्याचा फार मोठा गुण आहे. समेवर आघात न देता तो अर्ध्या मात्रेवर देतो आणि पुढच्या समेवरून तो स्वर ओढत नेतो. असं पाच-सहा बार चाललं की ऐकणाऱ्याची सम सरकते. आणि मग अचानक खरी सम येते.

'डेस आबेंड्स' (ओपस १२ मधलं पहिलं) ऐका. कागदावर ताल दोनाचा लिहिलाय, कानाला मात्र तीनाचा लागतो. एका बारमध्ये सहा छोटे स्वर. लिहिताना तीन-तीनचे दोन गट केलेत, पण वरची सुरावट दोन-दोनचे तीन गट करून चालते. तुमच्याकडे आडी लय म्हणतात ना, तसंच, फक्त मूळ ठेका कुणी वेगळा धरून दाखवत नाही. वाजवणाऱ्याने तो मनात धरायचा असतो.

तबलजी_नाशिककर
वा! म्हणजे लेहरा बंद करून आड वाजवायची. आज रात्रीच ऐकतो.

दर्यावर्दी
याच संदर्भात पियानो कॉन्चेर्टोचा (ए मायनर, ओपस ५४) शेवटचा भाग ऐका. ताल तीनाचा. मध्येच एक जागा येते, जिथे दोन बारचे सहा ठोके तीन लांब ठोक्यांत वाटले जातात आणि सगळा ऑर्केस्ट्रा निम्म्या वेगाने चालल्याचा भास होतो. प्रत्यक्षात संचालकाची काठी त्याच गतीत फिरत असते. वादकाचं लक्ष क्षणभर ढळलं की संपलं. मी गोव्यात ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिन्समध्ये बसून हे वाजवलंय. त्या पानावर कुणी मान वर करत नाही, सगळे ओठांत मोजत असतात.

अवांतर: आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फा (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवायची रीत होती. त्यातूनच पुढे कित्येक गोंयकार मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रांत गेले. आजोबांच्या पिढीतल्या व्हायोलिनवाल्यांना ट्रॉयमेराय पाठ असायचं, कारण व्हायोलिनसाठी त्याचं रूपांतर सहज मिळायचं. ते मुळात पियानोचं आहे हे पुष्कळांना माहीतही नव्हतं.

बोरकूट
अवांतरावर अवांतर: मुंबईच्या पावसाळ्यात पियानो सांभाळण्याबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे जुना अपराइट आहे. जुलै आला की दोन पट्ट्या दाबल्या की वर येतच नाहीत.

मोरपंखी
@बोरकूट, लाकूड ओलावा धरून फुगतं, त्याने पट्टी अडकते. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, खिडकीसमोर तर नकोच. खोलीतला दमटपणा कमी-जास्त होऊ देण्यापेक्षा एकसारखा ठेवा. ट्यूनिंग पाऊस पूर्ण ओसरल्यावर, हवा स्थिरावली की करा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू, नाहीतर सप्तपर्ण रागावतील.

डॉ_निवांत
बोटाचा आणि मनाचा विषय निघालाय, म्हणून थोडं. बोटाबद्दल तीन तर्क प्रसिद्ध आहेत. बोटं मजबूत करायच्या यंत्राने इजा झाली, पाऱ्याच्या औषधाचा परिणाम झाला, किंवा ज्याला आज फोकल डिस्टोनिया म्हणतात तसं काहीतरी, ज्यात ठरावीक हालचाल करतानाच बोट आज्ञा पाळत नाही. मला तिसरा तर्क पटतो, कारण वादकांमध्ये हा त्रास आजही दिसतो, आणि अतिरियाजाने तो वाढतो. उपाय म्हणून त्याला विजेचे झटके दिले गेले, होमिओपॅथी झाली, आणि नुकत्याच कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात बुडवून ठेवायलाही सांगितलं गेलं. त्या काळची वैद्यकी अशी होती.

मनाच्या आजाराबद्दल मात्र माझी विनंती आहे. त्याचं संगीत ऐकून निदान करू नका. फ्लोरेस्टान आणि ऑयसेबियस हे दुभंगलेल्या मनाचं लक्षण, असं सर्रास लिहिलं जातं. ती लेखकाने जाणीवपूर्वक निर्माण केलेली पात्रं होती, त्यांच्या नावाने तो लेख लिहायचा, सही करायचा. कल्पनाशक्तीला आजार म्हणायचं असेल तर सगळ्या कादंबरीकारांना रुग्णालयात भरती करावं लागेल. सिफिलिस की द्विध्रुवी विकार की दोन्ही, यावर आजही एकमत नाही. शेवटची अडीच वर्षं तो ज्या मनोरुग्णालयात होता, त्या एंडेनिशच्या डॉक्टरांच्या नोंदी २००६ साली छापून आल्यावरही वाद मिटला नाही.

चहाबाज
डॉक्टरसाहेब, आतड्यांचं जेवणाच्या आधी वाचलं मी. ☹

शंकासूर
डॉक्टर, मुद्दा मान्य. पण मग फँटसीचं (सी मेजर, ओपस १७) काय करायचं? १८३६ मध्ये वीकने क्लाराला शूमानपासून पूर्ण तोडलं होतं. भेट नाही, पत्र नाही. त्या काळात हा माणूस पहिला भाग लिहितो आणि त्याच्या शेवटी बीथोव्हेनच्या दूरच्या प्रियेवरच्या गीतमालेतली ओळ पियानोवर आणतो. हे माहीत नसलेल्याला ती ओळ म्हणजे फक्त एक सुंदर वळण. माहीत असलेल्याला तो निरोप आहे. क्लाराला ती ओळ ओळखू आली असणारच.

सप्तपर्ण
@शंकासूर, चांगलं उदाहरण, पण अर्धं सांगितलंत. बॉनमध्ये बीथोव्हेनचा पुतळा उभारायला निधी जमवायचा होता. त्यात आपलाही वाटा असावा म्हणून शूमानने ही रचना पुढे केली. तेव्हा तिच्या भागांना 'भग्नावशेष', 'विजयचिन्हं' अशी नावंही होती, ती त्याने छापताना काढून टाकली. बीथोव्हेनच्या स्मारकासाठी लिहिताना बीथोव्हेनची ओळ आणणं याला प्रेमाशिवाय दुसरं कारणही आहे. दोन्ही कारणं एकाच ओळीत बसवली, ही त्याची ताकद. तुम्ही प्रेमाचं तेवढं उचलता.

रचना अर्पण केली लिस्टला. लिस्टने पुढे आपला बी मायनर सोनाटा शूमानला अर्पण केला. तो छापील येऊन पोचला १८५४ मध्ये, तेव्हा शूमान एंडेनिशला होता. त्याचप्रमाणे शूमानचं 'क्राइस्लेरियाना' शोपँला अर्पण, आणि शोपँचा दुसरा बॅलाड शूमानला. एकमेकांची पाठ राखणारी पिढी होती ती.

लाइपझिगवासी
नोकरीमुळे इथे राहतो, म्हणून जागांबद्दल लिहितो. इन्सेलश्ट्रासवरचं घर अजून उभं आहे. लग्नानंतर ती दोघं तिथे चार वर्षं राहिली, १८४० ते १८४४. आत आता संग्रहालय आहे. मोठं घर, पण भिंतींतून आवाज जायचा. दोघांनी मिळून लिहिलेल्या रोजनिशीत क्लाराची तक्रार आहे, की रॉबर्ट लिहायला बसला की तिला सराव करता येत नाही. तिचा सराव मागे पडतो याचं त्यालाही वाईट वाटायचं, तरी लिहिणं थांबायचं नाही. या घरात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खरी वाटते. दोन संगीतकार आणि एकच शांतता.

लग्न झालं ते शोनेफेल्डच्या चर्चमध्ये, १२ सप्टेंबर १८४० रोजी. तेव्हा ते वेगळं गाव होतं, आता शहरातच आलंय. दुसऱ्या दिवशी क्लारा एकवीस वर्षांची होणार होती, म्हणजे वडिलांच्या संमतीची गरजच संपणार होती. कोर्टाने परवानगी आधीच दिली होती, आणि त्यांनी एक दिवसही थांबायचं नाही असं ठरवलेलं दिसतं.

सहलीचं कुणी ठरवत असेल तर झ्विकाऊचं जन्मघर पाहाच, शूमानच्या हस्तलिखितांचा फार मोठा संग्रह तिथे आहे. एंडेनिश आता बॉनचाच भाग. ज्या रुग्णालयात तो गेला, त्या इमारतीत आज सार्वजनिक संगीत ग्रंथालय आहे आणि शूमानच्या आठवणीच्या दोन खोल्या. कबर बॉनच्या जुन्या दफनभूमीत, दोघांची एकत्र.

रानपाखरू
@लाइपझिगवासी, रोजनिशीचा उल्लेख केलात ते फार बरं झालं. याच्यापुढचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. १८५४ च्या फेब्रुवारीत त्याने नदीत उडी घेतली तेव्हा क्लारा गरोदर होती. जूनमध्ये फेलिक्स जन्मला. आठवं मूल. (त्यातला एमिल तान्हेपणीच गेला होता.) सात मुलं आणि रुग्णालयाचा खर्च, हे सगळं तिने मैफिली करून निभावलं. अडीच वर्षांत तिला त्याला भेटता आलं नाही, शेवटी जुलै १८५६ मध्ये भेट झाली, आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर जवळपास पस्तीस वर्षं तिने त्याचा पियानो युरोपभर वाजवला, त्याच्या रचनांची समग्र आवृत्ती संपादित केली, फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीत विद्यार्थी घडवले. आज आपण 'क्राइस्लेरियाना' ऐकतो त्यात तिचा हात आहे.

जुन्या जर्मन शंभर मार्कांच्या नोटेवर चित्र तिचं होतं, त्याचं नव्हे. मला त्याचा फार आनंद होतो.

सप्तपर्ण
@रानपाखरू, या प्रतिसादासाठी मनापासून आभार.

निळू
मोठे प्रतिसाद वाचून थकलो पण मजा आली. कार्नावालबद्दल धागाकर्तीने नुसतं नाव टाकलंय, जरा उलगडा ना.

सप्तपर्ण
@निळू, आनंदाने! १८३४ मध्ये शूमानचं लग्न क्लाराशी नव्हे, एर्नेस्टिन फॉन फ्रिकन नावाच्या मुलीशी ठरलं होतं. ती बोहेमियातल्या आश गावची. जर्मन स्वरनावांनी हे गाव वाजवता येतं: ए, एस (आपला ई फ्लॅट), सी, हा (आपला बी). हीच अक्षरं शूमानच्या आडनावातही आहेत. मग काय! या तीन-चार स्वरांवर त्याने वीसेक तुकड्यांचा मुखवट्यांचा उत्सव बांधला. पिएरो, आर्लकाँ, फ्लोरेस्टान, ऑयसेबियस, 'कियारिना' म्हणजे क्लारा, 'एस्ट्रेला' म्हणजे एर्नेस्टिन, पागानिनी, आणि स्वतः शोपँ. शोपँचा तुकडा एका पानाचा, पण डोळे मिटून सांगाल की हा शोपँ.

मधे 'स्फिंक्स' नावाच्या ओळी येतात. नुसते लांब, जुन्या पद्धतीचे स्वर, तीन गट. ते वाजवायचे नसतात, वाचायचे असतात. बहुतेक वादक ते सोडून देतात. पियानोवादक-संगीतकार राखमानिनोव्हने १९२९ च्या ध्वनिमुद्रणात वाजवले आहेत, ते ऐका, अंगावर येतात.

आणि शेवट: डेव्हिडच्या मंडळाची फिलिस्टाइन लोकांविरुद्धची कूच. जुनाट, नक्कलखोर संगीताविरुद्धची मोहीम. गंमत अशी, की ही कूच तीनाच्या तालात आहे.

चहाबाज
तीनाच्या तालात कूच? एक पाय उसना आणायचा का?

तबलजी_नाशिककर
चहाबाज, पहिला ठोका डाव्यावर, पुढच्या आवर्तनाचा पहिला उजव्यावर. करून बघा, जमतं. लेझीम खेळलेल्या माणसाला अडचण येऊ नये.

मोरपंखी
सप्तपर्ण, कार्नावालची माहिती छान दिलीत, पण तुमच्या मूळ मुद्द्याशी माझं पटत नाही हे आता सांगून टाकते. शूमानला आधी वाचक, मग संगीतकार म्हणता. त्याचं स्वतःचं म्हणणं उलटं होतं. किंडरत्सेनेनच्या तुकड्यांची नावं नंतर दिली, ती फक्त वाजवण्याच्या आणि समजण्याच्या सूचना आहेत, असं त्याने पत्रात स्पष्ट लिहिलंय. एका समीक्षकाने असा सूर लावला होता, की समोर रडणारं मूल बसवून त्याचे स्वर लिहिले. त्यावर तो चिडला होता. आधी स्वर, मग शब्द. 'डेव्हिडच्या मित्रमंडळाचे नाच' पहिल्या आवृत्तीत बहुतेक तुकड्यांखाली एफ (फ्लोरेस्टान) किंवा ई (ऑयसेबियस) अशी सही घेऊन छापले. १८५० च्या आवृत्तीत त्याने सह्याही काढल्या. म्हणजे वय वाढलं तसा तो शब्दांचा आधार काढून घेत गेला.

मी शिकवताना विद्यार्थ्याला आधी नाव सांगतच नाही. तुकडा वाजवून घेते, काय वाटलं विचारते, मग नाव.

सप्तपर्ण
@मोरपंखी, पत्राचा मुद्दा बरोबर, पण मी त्याचा अर्थ वेगळा लावते. कादंबरीचं कथानक संगीतात उतरतं असं मी म्हणत नाही. रचनेची *पद्धत* वाचकाची आहे. एक तुकडा अर्ध्यात तोडायचा, दुसऱ्याच कुणाचा आवाज मधे आणायचा, दहा पानांनी पहिल्या आवाजाकडे परत यायचं, ही जाँ पाउलची पद्धत. काउंटरपॉइंटचे, म्हणजे सुरावटी एकमेकींत गुंफण्याचे, धडे संगीताच्या गुरूपेक्षा जाँ पाउलकडून जास्त शिकलो, असं तो एका पत्रात म्हणतोच. 'ह्युमोरेस्क' (ओपस २०) बघा. त्यात एका जागी दोन हातांच्या दोन ओळींच्या मधे तिसरी ओळ छापली आहे, 'आतला आवाज' म्हणून. ती वाजवायचीच नाही! वादकाने फक्त वाचायची आणि मनात ऐकायची. हे वाचकाशिवाय कुणाला सुचेल?

दर्यावर्दी
ही ओळ मला माहीतच नव्हती. प्रेक्षकाला ऐकूच येणार नाही, तर उपयोग काय?

मोरपंखी
@दर्यावर्दी, ऐकू येते. वरचे स्वर त्या न वाजणाऱ्या सुरावटीभोवती किंचित उशिराने फिरत राहतात. ती मनात धरून वाजवलेलं आणि न धरता वाजवलेलं, दोन्ही मी विद्यार्थ्यांकडून ऐकलंय. फरक बाहेरच्या खोलीतूनसुद्धा कळतो.

आंबोळी
कुणी जी मायनर सोनाटाचं (ओपस २२) नाव घेतलं नाही म्हणून. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच सूचना: 'शक्य तितक्या वेगात'. शेवटाकडे: 'आणखी वेगात'. मग: 'त्याहूनही वेगात'.

चहाबाज
आमचे गणिताचे सर. परीक्षा जवळ आली की असंच शिकवायचे.

डॉ_निवांत
शेवटच्या काळातल्या पियानोबद्दल कुणी लिहीत नाही, कारण 'तेव्हा तो संपला होता' असं गृहीत धरलं जातं. 'पहाटेची गाणी' (ओपस १३३) १८५३ च्या ऑक्टोबरमधली. पाच छोटे तुकडे. त्याच महिन्यात त्याने तरुण संगीतकार ब्राम्सची ओळख जगाला करून देणारा लेख लिहिला. ज्याची बुद्धी संपली तो असा लेख लिहील? पहिला तुकडा ऐका. कोरालसारखा (चर्चमधल्या सामूहिक गीतासारखा), सावकाश, आणि मधे स्वर एकमेकांना असे घासतात की ते पुढच्या पन्नास वर्षांतलं वाटतं.

फेब्रुवारी १८५४ मध्ये, देवदूतांनी सांगितली असं त्याला वाटलं, ती सुरावट घेऊन त्याने शेवटची व्हेरिएशन्स लिहिली. ती सुरावट त्याच्याच व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या मधल्या भागाशी जुळते, पण त्याला ते ओळखू आलं नाही. ही व्हेरिएशन्स थेट १९३९ मध्ये छापली गेली. ब्राम्सने मात्र त्याच सुरावटीवर चार हातांसाठी स्वतःची व्हेरिएशन्स आधीच लिहिली होती (ओपस २३), शूमानच्या मुलीला, यूलीला, अर्पण. मी सुरुवातीला निदान करू नका म्हटलं ते याचसाठी. आजाराची छाया शोधत ऐकलंत, तर 'पहाटेची गाणी' कानावर पडणारच नाहीत.

शंकासूर
डॉक्टर, 'पहाटेची गाणी' आत्ताच ऐकलं. पहिला तुकडा परत लावलाय. फँटसीबद्दल मात्र मी जागचा हलणार नाही.

निळू
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मला वाद्य येत नाही, नोटेशन वाचता येत नाही. सोमवारी ऑफिसच्या बसमध्ये ऐकायचंय. एक नाव सांगा.

आंबोळी
ट्रॉयमेराय. होरोविट्झ.

रानपाखरू
क्लाराची ओपस २० ची व्हेरिएशन्स, १८५३. सुरावट शूमानची, बाकी सगळं तिचं. त्याच्या घरात तिच्या दाराने शिरा.

दर्यावर्दी
पियानो कॉन्चेर्टो. बसमध्ये आवाज असतो, नुसता पियानो हरवेल.

मोरपंखी
निळू, तुम्ही 'आल्बम फ्युअर डी युगेंड', म्हणजे मुलांसाठीचा आल्बम (ओपस ६८), लावा. १८४८ चं, त्रेचाळीस तुकडे, बहुतेक एक-दोन मिनिटांचे. थोरल्या मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी सुरू केलं आणि हातातून वाढत गेलं. आमच्या परीक्षांना यातलं काही ना काही येतंच. 'आनंदी शेतकरी' ऐका, सुरावट डाव्या हाताला आहे, म्हणजे सात वर्षांच्या मुलीला पहिला धडा काय, तर गाणं उजव्याचीच मिरास नाही. 'रानटी घोडेस्वार' ऐका. अठ्ठाविसावा तुकडा 'आठवण', त्यावर ४ नोव्हेंबर १८४७ अशी तारीख आहे, मेंडेल्सझोन गेला तो दिवस. मुलांच्या वहीत मित्राचा मृत्यू त्याने असा ठेवला. 'उत्तरेचं गाणं' जी-ए-डी-ई या स्वरांवर, डॅनिश मित्र गाडे याच्यासाठी. आणि काही तुकड्यांना नावच नाही, नुसत्या तीन चांदण्या. तिथे आमचा वाद नाही, सप्तपर्ण!

सप्तपर्ण
@मोरपंखी, चांदण्यांवर मी पूर्ण सहमत. निळू, सोमवारी आल्बम, पुढच्या आठवड्यात कार्नावाल. यावर मी अडून बसणार.

निळू
ठरलं. ऐकून इथेच लिहितो.

तबलजी_नाशिककर
'डेस आबेंड्स' ऐकून आलो. मुलीला मांडीवर दोनाचा ठेका धरायला लावला आणि मी सुरावटीबरोबर तीन मोजले. आवर्तनाला दोघांची सम जुळते, मधे कुठेच नाही. मोरपंखी ताई, आता एक सांगा: मधल्या भागात सूर बदलतो, तिथे मला अचानक दोनच ऐकू यायला लागले. तिथे त्याने लिहिणं बदललंय की वाजवणाऱ्याने सोय बघितली?

मोरपंखी
काका, लिहिणं बदललेलं नाही, कागदावर शेवटपर्यंत दोनच आहेत. वाजवणाऱ्याने तिथे डाव्या हाताला जास्त वजन दिलं असणार. दुसऱ्या कुणाचं ध्वनिमुद्रण लावा आणि त्याच जागेवर मुलीला पुन्हा ठेका धरायला सांगा. मग बोलू.